साहेबांना स्लाइड नको, अडकलेला पैसा दाखव

कुपवाड एमआयडीसीतल्या मशिन शॉपमधला एक तरुण इंजिनिअर विचारतोय: "सर, काम लवकर बाहेर पडावं म्हणून अभ्यास केला, डायरेक्टरांना चाळीस स्लाइड दाखवल्या, ते 'बरं, बघू' म्हणाले. सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट, म्हणजे कामातल्या चुका कमी करायच्या पद्धतीचं सर्टिफिकेट, केलं तर ऐकतील का?"

अरे बेल्ट कर, पण यासाठी नको. सिक्स सिग्मा १९८६ ला मोटोरोलात सुरू झालं, दहा लाखांत फार तर ३.४ चुका हे त्याचं लक्ष्य, हे तुला माहीत हवंच, पण साहेबांच्या डोक्यात बँकेची सीसी (रोजच्या धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज), कस्टमरचे फोन आणि महिनाअखेरचं डिस्पॅच असतं, बोलायला तिथूनच लाग.

समज शॉपमध्ये ६०० नग अर्धवट पडलेत आणि रोज ५० बाहेर जातात, म्हणजे आज आत आलेला नग साधारण १२ दिवसांनी बाहेर पडणार. याला लिटलचा नियम म्हणतात, मीटिंगमध्ये हे नाव काढू नकोस. एका नगात १५०० रुपये गुंतले धर, म्हणजे ९ लाख नुसते ट्रॉल्यांत पडून. रोजचे ५० तसेच ठेवून पडलेला माल ३०० वर आणला तर ६ दिवसांत नग बाहेर आणि साडेचार लाख मोकळे. १० टक्क्यांनी व्याज वर्षाला ४५ हजारच वाचतं, ते फुगवून सांगू नकोस, खरी गंमत ही की ऑर्डर आधी जाते आणि बिलही आधी निघतं.

आणि "ऑपरेटरची रोज २० मिनिटं वाचतील" याचे लगेच रुपये करू नकोस बरं का, बहुतेक पोरं इथंच अडकतात. ओव्हरटाइम कमी झाला नाही, जादा नग निघाले नाहीत, तर पगार तेवढाच जातो. अकाउंटवाल्यांनी हा एक आकडा पकडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मीटिंगच्या आधी त्यांच्याजवळ बसून सगळं तपासून घे.

मग ट्रॉलीवर माल आत आल्याच्या तारखेची चिठ्ठी लाव आणि साहेबांना पाच मिनिटं शॉपमध्ये घेऊन जा, तारखा त्यांना स्वतःला वाचू दे. मागायचं एकच: "एका लाइनवर सहा आठवडे करून बघू द्या, एकही कामगार कमी करायचा नाही." हे शेवटचं वाक्य सुपरवायझरसमोर बोल, नाहीतर खालून कुणी साथ देणार नाही.

ग्रीन बेल्ट त्यानंतर कर, बऱ्याच ठिकाणी त्याला प्रोजेक्ट द्यावा लागतो, तेव्हा हाच दे.