बाबांची पन्नी, पोराचा जॉइंट

"मॅडम, एकच सांगा. गांजा सिगारेटपेक्षा बरा असतो का?"

खुर्चीत टेकायच्या आधीच आईंनी विचारलं. मागे दोघे उभे होते. वडील पन्नाशीचे, नागपुरातल्याच एका सरकारी कार्यालयात नोकरीला. मुलगा वीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेला. त्याच्या बॅगेत आईंना पुडी सापडली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला हल्ली वारंवार येतो. पूर्वी पालक "पोरगा नशा करतो, काय करू?" असं विचारायचे, आता तुलना विचारतात. मोबाइलवर पोरांनी काहीबाही वाचलेलं असतं, ते घरात ऐकवतात आणि आईबापांना उत्तर सुचत नाही. या घरात तर पोराकडे हुकमी पत्ता होता. वडिलांनी आवाज चढवला की तो त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवायचा. खिशात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची पन्नी. वीस-बावीस वर्षांची सवय, दिवसाला चार पन्न्या.

"हा म्हणते गांजा नॅचरल हाय," वडील म्हणाले. "म्हणते, बाबा, तुमच्या तंबाखूनं लोक मरतात, गांजानं कोणी मेला का दाखवा."

"मग चूक काय त्यात?" मुलगा.

मी म्हटलं, "अर्धं बरोबर आहे." वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पोराला पुडी आणून दिली.

पण त्याचं बरोबर होतं ते बरोबर म्हणायलाच हवं होतं. आपल्या बाजूने ओढून-ताणून बोलणाऱ्या समुपदेशकावर वीस वर्षांचं पोरगं पाच मिनिटांत काट मारतं. तंबाखूने भारतात दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं मरतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास 2004 साली आला, त्यात आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. गांजाचा असा हिशोब कुणाकडे नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं म्हणाल, तर 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांना भरपूर गांजा ओढणाऱ्यांतही तो वाढलेला दिसला नाही. गांजात खोट निघेल, अशीच त्या संशोधकांची अपेक्षा होती.

मुलगा खुर्चीत जरा सैलावला. नॅचरलचं मात्र मी सोडलं नाही. "तंबाखूही पानच आहे रे. आणि धोत्राही झाडालाच लागतो, त्याची भाजी करून खातो का कोणी?" आईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात दाबलं.

मग मी आईबाबांना बाहेर बसवलं.

एकटा असला की मी पोरांना नेहमी एक गोष्ट करायला लावते. टेबलावरचा कागद फाडून जॉइंटसाठी, म्हणजे गांजाच्या सिगारेटसाठी, एक पट्टी दिली आणि म्हटलं, "कसा बनवतोस ते दाखव. खोटा खोटा." तो लाजला, मग हात आपोआप चालायला लागले. डाव्या हाताच्या दोन बोटांत पट्टी धरली, जाड कागदाच्या तुकड्याची गुंडाळी करून एका टोकाला बसवली. मग उजव्या हाताने त्याने हवेतच काहीतरी चिमटीत धरलं आणि अंगठ्याने चुरत चुरत तळहातावर मोकळं केलं.

"हे काय केलंस?"

"सिगरेट रिकामी केली."

"कशाला?"

"नुसता माल नीट जळत नाही ना मॅडम. तंबाखू मिक्स करावी लागते. निम्मी. कधी जास्त."

आणि तो थांबला. बोटं तशीच पट्टीवर.

हा पोरगा दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली म्हणून मित्रांत मिरवत होता. दिवसाला तीन-चार जॉइंट, प्रत्येकात निम्मी सिगारेट. मी पुढचे दोन प्रश्न विचारले. सकाळी उठल्यावर पहिला किती वेळात लागतो? "वीस मिनिटांत." आणि माल संपला, मिळाला नाही, तर काय करतोस? "रूममेटकडून सिगरेट मागतो." उठल्या उठल्या पहिली हवी असणं ही तंबाखूतल्या निकोटिनच्या पक्क्या सवयीची खूण आहे. व्यसनमुक्तीत काम करणारा कोणीही हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. म्हणजे गांजा की तंबाखू असा जो सामना घरात महिनाभर रंगला होता, त्यात हा दोन्ही संघांकडून खेळत होता.

आपल्याकडे बहुतेक पोरं अशीच ओढतात. म्हणून तुलनेचा प्रश्न आला की मी आधी कागदाची पट्टी पुढे करते.

दुसरं, धूर. "आता दम मार, जसा मारतोस तसा." त्याने हवा आत घेतली, छाती फुगवली आणि धरून ठेवली. मी मोठ्याने आकडे मोजत होते. अकराला सोडली. सिगारेट ओढणारा धूर असा कोंडून ठेवत नाही, घेतला की सोडतो. 1988 साली अमेरिकेत, दोन्ही ओढणाऱ्या 15 पुरुषांवर हेच मोजलं गेलं. तेवढ्याच वजनाच्या सिगारेटच्या तुलनेत गांजा ओढताना रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सुमारे पाचपट वाढला आणि आत गेलेलं डांबर तिपटीच्या आसपास भरलं. कारण दम मोठा, खोल आणि कोंडलेला. शिवाय फिल्टर नाही. ती कागदाची गुंडाळी ओठ भाजू नयेत एवढ्यापुरती, ती अडवत काही नाही. पानं कुठलीही जाळा, धुरात डांबर आणि विषारी वायू येणारच. नियमित गांजा ओढणाऱ्यांना सकाळचा खोकला, कफ, छातीत घरघर हे सगळं होतंच. हृदयाचंही आहे: ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका जवळपास पाचपट असल्याचं 2001 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. विशीतल्या निरोगी पोरात मुळात हा धोका नगण्य असतो, म्हणून मी ते घाबरवायला वापरत नाही. चाळिशीतल्या, आधीच बीपी असलेल्या माणसाला मात्र आवर्जून सांगते.

एवढं झाल्यावर तोच म्हणाला, "मग सिगरेट न मिसळता ओढला तर?"

हुशार आहे. प्रश्नही रास्त होता. याचं उत्तर धुरात नाही, डोक्यात आहे. त्यासाठी मला आधी त्याच्या आईंशी बोलायचं होतं.

आईंना मी वेगळं बोलावून विचारलं, तुमच्याकडे किंवा यांच्याकडे कुणाला मानसिक आजार होता का? त्या बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ. डोक्यावर परिणाम झाला होता. आवाज ऐकू यायचे म्हणे. पोराला नाही सांगितलं आम्ही. मामा बाहेरगावी नोकरीला आहे, एवढंच सांगितलंय."

ही अशी बाहेरगावी गेलेली माणसं आपल्याकडे घरोघरी असतात. लग्नं जमायची असतात, शेजारी असतात, कारणं खरी असतात. पण गांजा ओढणाऱ्या पोराला ही एक माहिती त्याच्या फुप्फुसाच्या एक्स-रेपेक्षा जास्त गरजेची असते. 1987 साली स्वीडनमधल्या 45,570 तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, सैन्यभरतीच्या वेळी त्यांची माहिती घेतलेली होती. ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस घेतला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं, प्रमाण सहापट निघालं. 2019 मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या 11 ठिकाणांच्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांमध्ये अशा आजाराची शक्यता तिप्पट दिसली, आणि रोज कडक माल ओढणाऱ्यांत जवळपास पाचपट. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना असं काही होत नाही, हे मी दरवेळी सांगते. पण ज्याच्या रक्ताच्या नात्यात हा आजार आहे, जो रोज ओढतो आणि ज्याचा मेंदू अजून घडतोच आहे, त्याने "बहुतेकांत" स्वतःला धरू नये. तंबाखूची इतर पापं खंडीभर असतील, पण दोन झुरके मारून कोणी दाराला कडी घालून बसत नाही.

कडीचं मुद्दाम लिहिलं. पुढच्या आठवड्यात आईंनी माझ्यासमोरच त्याला मामाचं सांगितलं. मी सांगू का म्हणून विचारलं होतं, त्या म्हणाल्या मीच सांगते. तो ऐकत राहिला. मग बुटांकडे बघत म्हणाला, "दिवाळीच्या आधी हॉस्टेलवर दोन रात्री मी दार लावून बसलो होतो. मला वाटत होतं बाजूच्या खोलीतले माझ्याबद्दलच बोलतायत. व्हिडिओ काढतायत." आईंनी त्याचा हात धरला. वडील उठून खिडकीशी गेले.

त्याच दिवशी मी त्याला ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हा भाग समुपदेशकाने स्वतःच्या अंगावर घ्यायचा नसतो. त्यांनी तपासलं, तूर्त गोळ्या नकोत म्हणाले, पण गांजा पूर्ण बंद आणि दर पंधरा दिवसांनी भेट. त्यामुळे आधी काय सोडायचं हे आपोआप ठरलं.

वडिलांना पोलिसांची भीती होती. उपचाराला नेलं तर नाव जाईल, नोकरी मिळणार नाही. गांजा आणि चरस 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात येतात, नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे खरं. पण स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देणारं कलम, 64 अ, त्याच कायद्यात आहे. आणि मी पोलीस ठाण्याला यादी पाठवत नाही. एवढं ऐकून ते बसले.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप नाही, लागली तर विचित्र स्वप्नं, जेवण जाईना, शब्दाला शब्द. गांजाची सवय लागत नाही असं तो आधी ठासून सांगायचा. तंबाखूइतकी पटकन आणि पक्की लागत नाही, हे मान्य. पण रोज ओढणाऱ्याने अचानक सोडला की हे होतं, दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं आणि साधारण दोन आठवड्यांत उतरतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सहाव्या दिवशी आईच म्हणते, "असा चिडण्यापेक्षा एखादा ओढू दे."

या सगळ्यात खिशातली पन्नी तशीच होती. एकदा वडील दाराशी उभे असताना मी सहज म्हटलं, "साहेब, तोंड उघडा आणि तीन बोटं उभी घालून बघा." त्यांना गंमत वाटली. घातली. दोनच गेली. पुन्हा प्रयत्न केला, जबडा ताणला, दोनच. मुलगा बघत होता. त्याने स्वतःची तीन बोटं तोंडात घातली, सहज गेली, आणि मग तो एकदम गप्प झाला. "तिखट लागतं का हो तोंडाला?" मी विचारलं. आईच म्हणाल्या, "चार वर्षं झाली, सावजी सोडलं यांनी. मला वाटलं अ‍ॅसिडिटी."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून घोटून एकजीव केलेला. सुपारीने गालाच्या आतला पडदा कडक होत जातो आणि तोंड उघडणं कमी होतं. हा आजार कर्करोगाच्या आधीचा टप्पा मानतात. डावीकडे एक पांढरा डाग होता, दंतवैद्यांनी त्याचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस त्या घरात कोणी कोणाला टोमणा मारला नाही, असं आई सांगत होत्या. कर्करोग निघाला नाही. तोंड मात्र पूर्वीसारखं उघडणार नाही, व्यायामाने आणि औषधाने थोडा फरक पडेल.

तिसऱ्या महिन्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. गांजा बंद होता, संशयाचं पुन्हा काही झालं नव्हतं. "पण मॅडम, सिगरेट. दिवसाला पाच-सहा." अपेक्षितच होतं. निकोटिनची दोन मिलिग्रॅमची च्युइंग गम त्याला आधीच दिली होती, ती त्याने दोन दिवसांत टाकून दिली होती. घसा जळतो, उचक्या लागतात म्हणाला. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी नंबरही त्याला दिला होता, तिथे एकदा बोलला होता. म्हटलं, सुट्टीत आलास की भेटू.

आले तेव्हा तिघेही आले. वडिलांच्या दंडावर निकोटिनचा पॅच होता, जबड्यामुळे त्यांना गम द्यायची नव्हती. शर्टाचा खिसा सपाट. मी मुलाला म्हटलं, गम कशी खातोस ते दाखव. त्याने तोंडात टाकली आणि कचाकचा चावायला लागला, क्रिकेट खेळणारे चावतात तशी.

"अबे, असं नाही," वडील पुढे सरकले. "तोंडात झिणझिण लागलं की चावणं बंद. गालात दाबून ठेव. इथं. गिळू नको, रस सुटू दे हळूहळू. बावीस वर्षं मी काय करत होतो मग?"

मला शिकवायला काही उरलंच नाही. आई तोंडाला पदर न लावता हसत होत्या.