तो टपरीवरचा चहा का पितो

पत्र:

ताई, माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. डिप्लोमा करून चाकणला कंपनीत लागला होता. पाच वर्षांपूर्वी शेजारचे माझ्याबद्दल बोलतात, मोबाइलमधून माझं ऐकतात असं म्हणायला लागला. नोकरी सुटली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या घ्यायला तयार नसतो म्हणून दीड वर्षापासून सकाळच्या चहात कुटून घालते, त्याला माहीत नाही. मिस्टर त्याच्याशी बोलत नाहीत, बोलले की भांडण. जाऊबाईंनी गावभर केलंय आणि माझ्या मुलीचं लग्न अजून ठरायचंय. आता दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडम म्हणतात, दर रविवारी घरच्या लोकांसाठी वर्ग असतो, आठ आठवडे, तुम्ही दोघं या. आजार त्याला आहे, वर्गात आम्ही का बसायचं? तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? अलीकडे त्याचा संशय फार वाढलाय. घरचा चहा घेत नाही, टपरीवर जातो, रोज दहा रुपये मागतो. तंबाखूची सवय लागेल म्हणून मी देत नाही. गोळी आता आमटीत घालते. काय करू?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर मी ते थोडक्यात दिलंय. त्यातलं दीड पान जाऊबाईंवर आहे, एक पान मिस्टरांवर. जाऊबाईंबद्दल मी काहीच लिहिणार नाही. पहिल्या पानावर एक ओळ आहे: गोळी चहात घालते, त्याला माहीत नाही. आणि शेवटच्या पानावर, जाता जाता लिहिलेली दुसरी: घरचा चहा घेत नाही, टपरीवर जातो. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून तुम्ही कधी वाचल्यात का?

तुम्ही म्हणता संशय वाढलाय. अहो, चहात काहीतरी असतं हे तर खरंच आहे. शेजारी बोलतात, मोबाइल ऐकतो, तो आजार. पण कपात कुणीतरी काहीतरी टाकतं, हे तुमच्या मुलानं बरोबर ओळखलंय. कडवट लागलं असेल. तळाला पांढरा साका दिसला असेल. चहा झाला की तासाभरात डोळे का मिटायला लागतात, याचा त्यानं मनाशी हिशेब लावला असेल. त्यानं तुम्हाला विचारलंही असणार, आणि तुम्ही म्हणाला असणार, ‘काही नाही रे, तुला उगाच वाटतं.’ ज्याला खरं कुठलं आणि भास कुठला हेच कळेनासं झालंय, त्याच्या हातातली एक खरी गोष्ट त्याच्या आईनं भास म्हणून काढून घेतली. हे लिहिताना मला तुमचा राग आलाय. तो मी लपवत नाही.

एकदा त्या टपरीपाशी लांबून उभ्या राहा. टपरीवाला सगळ्यांच्या देखत चहा उकळतो. एकाच किटलीतून पाच-सहा ग्लास भरतो. शेजारचा रिक्षावाला पितो, दूधवाला पितो, मग तुमचा मुलगा आपला ग्लास उचलतो. आख्ख्या गावात त्याला डोळे मिटून पिता येईल असा चहा तेवढाच उरलाय. त्या चहाचे दहा रुपये तुम्ही तंबाखूच्या भीतीनं देत नाही. तो रोज तुमच्याकडेच हात पसरतो आणि रिकाम्या हातानं परत जातो.

चहा सोडला म्हणून गोळी आमटीत गेली. आमटी सोडेल तेव्हा कशात घालाल?

डॉक्टरांना हे माहीत आहे का, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. नसावं, असं मी धरून चालते. मग दर महिन्याला तिथे काय होत असेल बघा. तुम्ही सांगता, गोळ्या चालू आहेत पण जेवणावर संशय घेतो. डॉक्टर संशय वाढला असं लिहितात आणि डोस वाढवतात. प्रत्यक्षात अर्धा कप मोरीत ओतलेला असतो. कधी पोटात पूर्ण गोळी जाते, कधी पाव, टपरीवर गेला त्या दिवशी शून्य. काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. कुठलं औषध उकळत्या चहात टिकतं आणि कुठलं नाही, हे तरी तुम्हाला कुणी सांगितलंय?

आता तुमचा प्रश्न, वर्गात आम्ही का बसायचं. यासाठीच. पाच वर्षांत तुम्हाला चिठ्ठी मिळाली, गोळ्या मिळाल्या, पुढची तारीख मिळाली. हा आजार घरात आला की घरानं काय करायचं, ते कुणी बसवून शिकवलं नाही. शिकवलं असतं तर खलबत्ता निघाला नसता.

असे वर्ग काल-परवा कुणाच्या डोक्यातून आलेले नाहीत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. रुग्ण आणि घरचे एकत्र बसायचे, आजार समजावून घ्यायचे, आणि लोक घेऊन आलेल्या माणसाला परत घरी घेऊन जायचे. ज्या काळात माणूस मनोरुग्णालयात टाकला की घरचे पाठ फिरवत, त्या काळातली ही गोष्ट. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन हे संशोधक दवाखान्यातून सुटून घरी गेलेल्या माणसांच्या मागावर होते. घरात सतत टोमणे, तुसडेपणा किंवा श्वास घेऊ न देणारी काळजी असेल, तर आजार लवकर उलटतो, असं त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. पुढे चंदीगडलाही तसाच अभ्यास झाला. आपल्याकडच्या घरांत टीका कमी निघाली आणि माणसं सावरण्याचं प्रमाणही चांगलं दिसलं. पण घरानं आजार होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तुमच्या वागण्यानं त्याला स्किझोफ्रेनिया झालेला नाही. मात्र झालेला आजार आटोक्यात राहतो की उलटतो, यात घराचा हात असतो, आणि तो हात कसा ठेवायचा हे शिकता येतं.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. ती उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी डॉक्टर होते ते संख्याशास्त्राचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक. पत्नीला हा आजार होता. एवढा शिकलेला माणूसही घरच्यांनी एकत्र यायला हवं, शिकायला हवं, याच ठिकाणी पोचला.

मी स्वतः अशा वर्गात बसलेली आहे. माझ्या धाकट्या भावासाठी गेले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारा पंखा, स्टीलच्या डब्यात पार्लेजी. दुसऱ्याच रविवारी आजारातून बराच सावरलेला एक तरुण बोलायला आला होता. तो म्हणाला, ‘आई दुधाचा पेला घेऊन आली की मी पेल्याकडे बघायचो नाही, तिच्या तोंडाकडे बघायचो. ती नजर चुकवायची तेव्हा मला कळायचं, आज आहे.’ आमच्या रांगेतल्या तीन बायका एकदम रडायला लागल्या. त्यातली एक मी होते. मी शिऱ्यात घालायचे.

ओळखीचं कुणी भेटलं तर, असं विचारता. भेटेल. आणि तेही याच कामासाठी तिथे आलेलं असेल. जाऊबाईंनी गावभर केलंच आहे म्हणता, मग आता झाकायचं काय राहिलं? मुलीच्या स्थळाचं म्हणाल तर भावाचा आजार लपवून जमवलेलं लग्न हा तिच्या चहात घातलेला दुसरा पुडा होईल. तिला विचारा. तिला काय वाटतं, हे चार पानांत कुठे आलेलं नाही.

वर्गात तुम्हाला पहिल्यांदा कळेल, आपल्याला आजार आहे हेच न कळणं हा पुष्कळदा या आजाराचाच भाग असतो. हट्ट म्हणून, माज म्हणून तो गोळी नाकारत नाही. दुसरं कळेल ते गोळ्यांच्या त्रासाबद्दल. काहींचे पाय ठरत नाहीत, रात्रभर येरझाऱ्या घालतात. कुणाची लाळ गळते, कुणाचे हात थरथरतात, वजन वाढतं. काही त्रास असे असतात की २७ वर्षांचा मुलगा ते आईला मेला तरी सांगणार नाही. बापाला सांगेल, बाप बोलत असेल तर. मिस्टरांना तेवढ्यासाठी बरोबर न्या. यातल्या बऱ्याच त्रासांवर उपाय आहेत, औषध बदलता येतं, डोस कमी करता येतो. काही औषधं इंजेक्शनानं मिळतात, दोन ते चार आठवड्यांतून एकदा. त्याला ती चालतील की नाही हे त्याला विचारून ठरवायचं असतं. दीड वर्षात त्याला कुणी विचारलेलंच नाही, कारण गोळी चालू आहे असं सगळे समजून होते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचाराला त्याची संमती लागते. तो निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल, तर काय करायचं तेही कायद्यात आहे, त्याच्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. ते सगळं डॉक्टरांसमोर, कागदावर होतं. स्वयंपाकघरात होत नाही.

तर असं करा. येत्या ओपीडीच्या दिवशी एकट्या जा आणि डॉक्टरांना सगळं सांगा. दीड वर्ष, चहा, आता आमटी. ओरडतील असं वाटत असेल तर ओरडू द्या. त्यांना भेटेपर्यंत गोळी मनानं एकदम बंद करू नका, त्यानं आजार उसळू शकतो. भेट लांबची असेल तर थांबू नका, आधी जा. मधेच तो स्वतःच्या किंवा कुणाच्या जिवाचं बोलायला लागला, तर सरळ दवाखाना गाठा. रात्रीअपरात्री १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

पुढचं औषध कसं द्यायचं हे डॉक्टरांशी ठरलं, की मुलाला सांगा. एवढंच: ‘तुझ्या चहात मी औषध घालत होते. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले. यापुढे तुझ्या खाण्यापिण्यात तुला न सांगता काही पडणार नाही.’ त्यापुढे ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द जोडू नका. तो चिडेल, ताट भिरकावेल, आठवडाभर बोलणार नाही. तुम्ही तिथेच बसून राहा. माझा भाऊ सोळा दिवस बोलला नव्हता. सतराव्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन त्यानं स्वतः दूध तापत ठेवलं, आणि मला विचारलं, तुला पण ओतू का?

समाजसेविका मॅडमना आजच फोन करून रविवारच्या वर्गाला नाव नोंदवा, दोघांचं. मिस्टर नाहीच आले तर एकट्या जा, पण जा. आणि उद्या सकाळी त्यानं दहा रुपये मागितले की कशाला म्हणून न विचारता द्या.