पोम्पादूरच्या हिरव्या-निळ्या झग्याची नक्कल करण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बुशेनं १७५६ मध्ये रंगवलेलं मादाम द पोम्पादूरचं, म्हणजे राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसीचं, व्यक्तिचित्र नक्कल करायला निवडलंस, फार चांगलं केलंस. मूळ चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात आहे, उंची साधारण दोन मीटर. तू निदान ६० बाय ४७ सेंटिमीटरचा कॅनव्हास घे. त्याहून लहान घेतलास, तर चेहऱ्यात ब्रश फिरवायला जागाच उरणार नाही.

रोकोको, म्हणजे बुशेच्या काळातली नाजूक, सजावटी शैली, हा नुसता गुलाबी गोडवा आहे, या समजुतीनं बहुतेक नकला बिघडतात. पांढऱ्यात गुलाबी कालवून केलेला चेहरा साखरेच्या बाहुलीसारखा दिसतो. बुशेचा गुलाबी खुलतो तो शेजारच्या करड्यामुळे. म्हणून कोऱ्या पांढऱ्यावर सुरुवात करू नकोस. रॉ अंबर, पांढरा आणि किंचित काळा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मध्यम करडा थर दे. तो पूर्ण वाळला की सगळं चित्र आधी चार-पाच करड्या छटांत बसव. इथे डोळे बारीक करून पाहिल्यावर झगा उठून दिसला नाही, तर पुढे रंग त्याला वाचवणार नाही.

खरी परीक्षा त्या झग्याची आहे. टाफेटा या रेशमी कापडाची घडी कडक असते. ती वळत नाही, कोनात मोडते. टाफेटाचा मीटरभर तुकडा खिडकीजवळ खुर्चीवर टाक आणि त्या मोडीच आठवडाभर रेखाट. रंगासाठी प्रशियन ब्ल्यू घेशील तेव्हा जपून: बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्याला मोहरीएवढा निळा पुरतो, मग थोडा यलो ऑकर. सावलीत काळा घातलास की रेशमाचं गोणपाट होतं. त्याच रंगात निळा वाढव आणि बर्न्ट अंबरनं त्याचा भडकपणा मार. सर्वांत उजळ ठिपके अगदी शेवटी, मोजकेच, घडीच्या मोडीवर. गुलाब आणि फिती घड्या पुऱ्या झाल्यावरच, घडीबरोबर खाली-वर होत जाणाऱ्या. आधी फुलं काढून मग घड्या घातल्या, की ती चिकटवल्यासारखी दिसतात.

लेसचा धागा न् धागा काढू नकोस. करड्याचा विरळ पापुद्रा दे, तो ओला असतानाच काठावर जाड पांढऱ्याचे तुटक फटकारे.

गालांवरची लाली हा प्रसाधनाचा रंग आहे. दरबारी स्त्रिया तो उघडपणे लावत. त्वचेच्या सावलीत ती विरघळवत नेलीस, तर चेहरा तापल्यासारखा दिसेल.

जागा कमी पडते म्हणून पुस्तकं गाळू नकोस. १७५६ मध्येच पोम्पादूरला राणीच्या सेवेतलं मानाचं पद मिळालं होतं, आणि १७५७ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सार्वजनिक चित्रप्रदर्शनात, चित्र लोकांसमोर मांडलं गेलं. हातातलं उघडं पुस्तक, टेबलाच्या खणाजवळची लेखणी, मागच्या आरशात दिसणारं कपाट: आपण वाचणारी, जाणकार बाई आहोत, हे तिला त्या गर्दीला दाखवायचं होतं. आरशातल्या वस्तूंच्या कडा मात्र मऊ ठेव आणि प्रकाश-छायेतला फरक कमी कर, नाहीतर कपाट तिच्या डोक्यावर येऊन बसेल.

खालच्या थरांत जवसाचं तेल कमी, वरच्यांत जास्त; उलट झालं तर तडे जातात. व्हार्निशला सहा महिने थांब. आणि करडा टप्पा पुरा झाला की रंगाला हात लावण्याआधी फोटो पाठव, दिवसाच्या उजेडात काढलेला.