छातीत सारखं पाणी भरतं, दर वेळी ॲडमिट व्हायलाच हवं का?

प्रश्न: माझ्या सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सर आहे, आता पसरलाय. उजव्या फुफ्फुसाभोवती सारखं पाणी होतं, सुई घालून लिटरभर काढतात, चार दिवस बरे जातात की परत दम. दर वेळी ॲडमिट, आता हॉस्पिटलचं नाव काढलं तरी रडतात. नातेवाईक म्हणतात, पाणी कमी पाजा. घरी राहून काही होईल का?
– एक सून, सांगली

उत्तर: ताई, आधी त्यांना तहान लागेल तेवढं पाणी द्या, पिण्याच्या पाण्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. फुफ्फुसाच्या अस्तरात कॅन्सरच्या पेशी पोचल्या की पाणी जास्त पाझरतं आणि ते शोषून नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबतात, म्हणून काढलं तरी परत भरतं.

आणि हो, घरी राहून होतं. आपल्याकडे हे पेशंटला फार उशिरा सांगतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. सिलिकॉनची मऊ नळी कातडीखालून छातीत बसवतात, तेवढी जागा बधिर करून, डे-केअरमध्ये, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. मग घरीच, बहुधा एक दिवसाआड, हात धुऊन ग्लोव्हज घालायचे, नळीचं टोक स्पिरिटने पुसायचं, पाणी ओढून घेणारी व्हॅक्यूमची बाटली जोडायची, नर्स शिकवते. एका वेळी लिटरच्या वर नको, आणि खोकला सुटला किंवा छातीत ओढल्यासारखं दुखलं तर बाटली अर्धी असली तरी तिथेच थांबायचं.

दुसरा उपाय म्हणजे छातीत टाल्क पावडर टाकून फुफ्फुसाचं अस्तर छातीच्या आतल्या अस्तराला चिकटवणं, म्हणजे मध्ये पाणी साठायला जागाच राहत नाही. ब्रिटनमध्ये 106 पेशंटवर दोन्हींची तुलना झाली, 2012 मध्ये छापून आली, दम दोन्हींनी सारखाच कमी झाला, पण टाल्कवाल्यांना साधारण 4 दिवस ॲडमिट राहावं लागलं, नळीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना एकही नाही. मात्र नळीचे त्रास जास्त निघाले, मुख्य म्हणजे इन्फेक्शन. त्यामुळे ताप, नळीपाशी लाली, पू, किंवा पाणी येईना पण दम वाढतोय, असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, पाणी काढल्यावर एक्स-रेमध्ये फुफ्फुस पूर्ण फुगतं का? फुगत नसेल तर टाल्क सहसा टिकत नाही, नळीच बरी. काहींचं पाणी पुढे आटतं, मग नळी काढूनही टाकतात. व्हॅक्यूमच्या बाटल्या महाग पडतात, साधी पिशवी जोडून चालेल का तेही बसवण्याआधीच विचारून घ्या.