नकाराच्या चाळणीतून निसटणाऱ्या नोंदी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासदनोंद आता संगणकावर आहे. एकूण ५०० सभासदांपैकी ‘गाव = सातारा’ या अटीने ३२० नोंदी मिळतात; पण ‘सातारा नसलेले’ मागितले, तर १८० ऐवजी १५०च येतात. एकदाही पुस्तक न नेलेल्यांची यादी ‘नॉट इन’ (‘या यादीत नसलेले’) वापरून मागितली, तर ती पूर्ण रिकामी येते. असे सभासद आहेत हे आम्हांला पक्के ठाऊक आहे. चूक कोठे होत असावी?

उत्तर : राहिलेल्या ३० नोंदींत गावाचा रकाना भरलेलाच नसावा, म्हणजे तेथे ‘नल’ असावे. नल म्हणजे शून्य नव्हे. ‘येथील मूल्य ठाऊक नाही’ एवढेच ते सांगते. शाळेतल्या तर्कशास्त्रात विधान खरे असते किंवा खोटे, पण एसक्यूएलमध्ये, म्हणजे संगणकातील नोंदींना प्रश्न विचारण्याच्या भाषेत, ‘अज्ञात’ ही तिसरी शक्यता आहे, आणि अज्ञाताचा नकार हाही अज्ञातच राहतो. अट सांगणारा ‘व्हेअर’ हा भाग मात्र खरी ठरलेलीच ओळ पुढे जाऊ देते. त्यामुळे हे ३० सभासद साताऱ्याचेही ठरत नाहीत आणि साताऱ्याबाहेरचेही. अटीला ‘ऑर गाव इज नल’ जोडा; ‘गाव = नल’ लिहून उपयोग नाही, कारण ती तुलनासुद्धा अज्ञातच ठरते.

दुसरी अडचण अधिक घातक आहे. देवघेवीच्या तक्त्यातून आलेले सभासद क्रमांक ७, ९ आणि नल असतील, तर ‘नॉट इन (७, ९, नल)’ याचा अर्थ ‘क्रमांक ७ नाही, आणि ९ नाही, आणि नल नाही’ असा होतो, आणि शेवटची तुलना अज्ञात असल्यामुळे हे जोडविधान कोणत्याही सभासदासाठी खरे ठरूच शकत नाही. देवघेवीच्या तक्त्यातील सभासद क्रमांक नसलेली एकच ओळ सगळी यादी पुसून टाकते, आणि संगणक चूक झाल्याची सूचनाही देत नाही. ती रिकामी यादी पाहून ‘आमचा प्रत्येक सभासद पुस्तके नेतो’ असे कोणी अहवालात लिहिले, तर ते खोटे ठरेल. येथे ‘नॉट एग्झिस्ट्स’ वापरा. त्या सभासदाच्या क्रमांकाची ओळ सापडते की नाही एवढेच ते पाहते, आणि त्याचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते.

दोन अटींना एकत्र नाकारताना कंस विसरू नका. ‘नॉट’ हा ‘अँड’पेक्षा आधी लागू होतो, म्हणून कंसाविना फक्त पहिलीच अट उलटते. शिवाय ‘सातारा आणि विद्यार्थी’ याचा नकार ‘सातारा नाही किंवा विद्यार्थी नाही’ असा होतो. तेथे ‘आणि’ ठेवले, तर साताऱ्यातील प्रौढ सभासद विनाकारण गळतील. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

प्रथम ‘गाव इज नल’ अशा ओळी मोजून पाहा. त्या ३० निघाल्या, तर पहिला हिशेब जुळला. देवघेवीतील क्रमांकहीन ओळी मूळ पावत्यांवरून दुरुस्त करा आणि मगच त्या रकान्याला ‘नॉट नल’ (रकाना रिकामा ठेवता येणार नाही) हे बंधन घाला. रिकाम्या ओळी शिल्लक असताना ते लागू होणार नाही.