भंडाऱ्याहून अप-डाऊन करून नागपुरात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करतोय, डिपार्टमेंटमध्ये लेक्चरशिवाय खरंच काही मिळतं का?

तू लिहिलंय की नागपुरात एम.एस्सी.ला नंबर लागला, रूम परवडत नाही म्हणून भंडाऱ्याहून रोज अप-डाऊन करतो, साडेचारची बस पकडतो, आणि पुण्याला गेलेले मित्र हॅकॅथॉनचे फोटो टाकतात ते पाहून वाटतं की आपल्या डिपार्टमेंटला काही होतच नाही, मग पुण्यालाच जायला पाहिजे होतं का. मी पण नागपुरातच एमसीए केलं, २०२२ ते २०२४. डिपार्टमेंटचं नाव लिहीत नाही, पुढे एक-दोन कडू गोष्टी येणार आहेत आणि नागपूर तेवढं मोठं नाहीये. ज्युनिअर आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नको.

पुणं राहू दे बाजूला, आधी ती साडेचारची बस सोड.

हे मी स्वतःवरून सांगते कारण पहिलं सेमिस्टर मी हिंगणघाटहून अप-डाऊन केलं. सकाळी डबा, गाडीत उभं राहून नोट्स, दुपारी जर्नलवर सही घ्यायची आणि स्टेशनकडे पळायचं. मला पण हेच वाटायचं की इथे काही नाही, कारण मला दिसायचं काय तर नोटीस बोर्ड, आणि त्यावर परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि मागच्या वर्षीच्या कुठल्यातरी वेबिनारचं उन्हानं पिवळं पडलेलं पोस्टर. मग एकदा गाडी लेट होती म्हणून सहापर्यंत लॅबमध्ये थांबले तर तिथे पंधरा-वीस पोरंपोरी बसलेली. दोघं फळ्यावर कसला तरी टेबल भरत भांडत होते, एक सिनिअर ज्युनिअर पोराला पॉइंटर (प्रोग्रॅममध्ये मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवतो तो) शिकवत होता, आपल्या नागपुरी हिंदीत, "अबे ये घर नहीं है, घर का पता है, पते को रंग देगा तो घर को रंग लगेगा क्या?" मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत न समजलेला पॉइंटर त्या पोरावर ओरडण्यात समजला. टेबलावर कोणीतरी समोसे आणून ठेवले होते, पेपरला तेल सुटलेलं. मी दारात उभी, म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारखी. तेच डिपार्टमेंट, तीच खोली, फक्त चारनंतरची.

कागदावर आमच्याकडे स्टुडंट चॅप्टर पण होता बरं का, अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळं, वर्षातून दोन कार्यक्रम आणि त्यातला अर्धा वेळ दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ. तुझ्याकडे एसीएम, सीएसआय किंवा आयईईई या कॉम्प्युटर-इंजिनिअरिंगवाल्यांच्या संघटनांचा चॅप्टर असेल तर सभासद जरूर हो, एसीएम इंडिया समर स्कूल-विंटर स्कूल घेते, एखादा विषय दोन आठवडे नीट शिकवतात, तिथे अर्ज कर. पण चॅप्टर म्हणजे डिपार्टमेंटचं जिवंतपण असं नको समजू. ते मोजायचं असेल तर संध्याकाळी सहाला लॅबचा लाईट चालू आहे का ते पाहायचं.

आणि लॅबच्या काकांशी ओळख कर. हे मी गमतीत म्हणत नाहीये. आमचे काका लॅब अटेंडंट, चावी त्यांच्याकडे, मॅडम-सर बदलले तरी काका तेच, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पासआऊट सुद्धा नागपुरात आले की काकांना भेटायला येतात. कोण आयटी पार्कला आहे, कोण विमानतळाकडच्या मिहान प्रकल्पात आहे, कोणाच्या कंपनीत पोरं पाहिजेत, प्लेसमेंट सेलच्या आधी काकांना माहीत. मला आठ वाजता पाहिलं की म्हणायचे, "जाय ना वं आता घरी, मशीन काय पळून चालली का?" आणि स्वतः काही उठायचे नाहीत.

आता हॅकॅथॉनचं सांगते, कारण तुझा जीव त्यात अडकलाय. हॅकॅथॉन म्हणजे दिलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात टीमनं काहीतरी बनवून दाखवायची स्पर्धा, आणि केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनचा नियम आहे की टीम सहा जणांची पाहिजे आणि त्यात किमान एक मुलगी. आधी कॉलेजात आतली फेरी होते, त्यातून नावं पुढे जातात. तर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या वर्गातली पाच पोरं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फक्त नाव दे ना, बाकी आम्ही पाहून घेतो." त्यांना मी नको होते, त्यांना नियम पूर्ण करायचा होता. मला राग आला पण मी म्हटलं ठीक आहे, नाव देते, पण कामात पण बसणार. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हणाले, वेळ कमी होता ना.

विषय असा होता की गावातल्या लोकांनी मराठीत टाइप केलेल्या तक्रारी वाचून त्या आपोआप योग्य खात्याकडे पाठवायच्या. पोरांनी शब्दांची यादी केली होती, वीज, पाणी, रस्ता, आणि तक्रारींची वाटणी करणारा प्रोग्रॅम, म्हणजे आमचं मॉडेल, चाचणीत आपटत होतं. मी तक्रारी वाचायला बसले तर पहिल्याच पानावर "डीपी जळाली", "डिपी वर तार तुटली", "डी पी चा आवाज येते". पोरं नागपूर शहरातली, त्यांनी डीपी म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो समजून ते सगळं "इतर" मध्ये टाकलेलं. अरे, गावात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर! ती जळाली की पंप बंद, पिकाला पाणी नाही, ही तर सगळ्यात अर्जंट तक्रार. असे चाळीस-एक शब्द मी एका रात्रीत काढले, प्रत्येकाची चार-चार स्पेलिंगं, आणि घरी बाबांना फोन करून अजून विचारले, ते पण रंगात आले, शेजाऱ्याला उठवून विचारत होते. आमचं मॉडेल काही ग्रेट नव्हतं, पण त्या यादीनंतर चालायला लागलं. भंडाऱ्याहून येतोस ना, हे लक्षात ठेव. तुला जे गावाकडचं म्हणून लपवावंसं वाटतं तेच कधी कधी लॅबमध्ये बाकी कोणाकडे नसतं.

मग २३ सप्टेंबर. नागपुरात कोणाला तारीख सांगावी लागत नाही. महालक्ष्म्या होत्या, माझी रूममेट घरी गेलेली, मी हॅकॅथॉनसाठी थांबलेली, रूम अंबाझरीच्या खालच्या बाजूला, तळमजला. पहाटे पाऊस असा की चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर. मला जाग आली ती गादी ओली लागली म्हणून. लॅपटॉप गादीशेजारी खाली चार्जिंगला लावलेला. करंटच्या भीतीनं मी हात पण लावला नाही, आधी पळत वरच्या मजल्यावर मालकीणबाईंकडे गेले आणि पायऱ्यांवरून पाहत होते, माझी चप्पल, बादली आणि वर्षभराच्या झेरॉक्स एकामागून एक दारातून बाहेर चालल्या होत्या.

आणि कोड? शब्दांची यादी आणि त्यावरचं सगळं प्रोसेसिंग फक्त त्या लॅपटॉपवर. गिटहबवर, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवतात तिथे, टाकलं नव्हतं, उद्या टाकू म्हणून. (तुला या उत्तरातलं काही पटलं नाही तरी चालेल, पण रोज झोपताना कोड तिथे पुश करत जा.)

दुपारी पाणी उतरलं तर ती पाचही पोरं दारात, फावडी आणि वायपर घेऊन. नाव दे म्हणणारीच. दिवसभर गाळ काढला, एकाच्या आईनं पुरणपोळ्या पाठवल्या, आदल्या दिवशीच्या महालक्ष्मीच्या, त्या चिखलाच्या हातानं पायरीवर बसून खाल्ल्या. आमच्या एक मॅडम आहेत, वर्गात कधी हसत नाहीत, त्यांनी स्वतःचे दोन ड्रेस आणि चादर पाठवली, आणि कोणी विषय काढला तर अजून पण चिडतात. एका सिनिअरनं जुना लॅपटॉप दिला, त्याचं बिजागर तुटलेलं, भिंतीला टेकवून वापरायचा. रविवारी काकांनी लॅब उघडली, सुट्टी असून, आणि मी ती यादी परत लिहिली. दुसऱ्यांदा चांगली झाली, आठवत आठवत लिहिताना फालतू शब्द आपोआप गळाले.

कडू भाग हा, की प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर माझं नाव सगळ्यात शेवटी होतं आणि एक अक्षर चुकलेलं, आणि परीक्षकांनी डीपीवाल्या भागाचं कौतुक करून विचारलं, "हे कोणत्या मुलानं केलं?" टीममधल्या एकानं माझ्याकडे बोट दाखवलं तर ते "अच्छा" म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले. आमची टीम कॉलेजातून पुढे गेली, फायनलला निवड झाली नाही. पण काकांनी ही सगळी गोष्ट कोणाकोणाला सांगितली देव जाणे, डिसेंबरात एका जुन्या पासआऊट दादाचा फोन आला की आमच्याकडे ग्राहकांच्या मराठी तक्रारींचं काम आहे, सहा महिने येशील का. आज मी तिथेच नोकरीला आहे. पुण्याच्या मित्रांइतका पगार नाही हे पण सांगून टाकते, रूमचं भाडं आणि घरचं जेवण धरलं तर तेवढं वाईट पण नाही.

बाकीचं पटपट. एनपीटेल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स, ते कर, कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेलाच हजार रुपये, पंचवीस टक्के असाइनमेंट आणि पंचाहत्तर टक्के परीक्षा, दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या दहा सर्टिफिकेटांपेक्षा आयआयटीच्या प्रोफेसरचा एक बारा आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला तर त्यावर मुलाखतीत जास्त बोलता येतं. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे, २००६ पासून चालू, पीजीचा गट वेगळा असतो, आणि आपल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना ती माहीतच नसते, त्यामुळे गर्दी कमी. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेत शास्त्रज्ञाबरोबर काम आणि वर स्टायपेंड, फॉर्म दिवाळीच्या आसपास निघतो आणि त्यात शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, म्हणजे तोपर्यंत एका तरी सरांना तुझं नाव रोल नंबर न पाहता आठवायला पाहिजे. एम.एस्सी. दोनच वर्षांचं असतं, यंदाच भर, पुढच्या वर्षीवर ढकलू नको. प्रोग्रॅमिंग आवडत असेल तर आयसीपीसी ही कॉलेजच्या पोरांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा, तिघं जण, एक कॉम्प्युटर, पाच तास, आणि त्यात खरी परीक्षा ही की कीबोर्ड कोणाकडे राहणार. आमची त्यातली कामगिरी सांगण्यासारखी नाही. नागपुरातल्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेचा ॲक्सिस हा टेक-फेस्ट असतो तेव्हा जाऊन ये, बाहेरच्यांना बंदी नाही, फुकटात ओळखी होतात.

आणि पैसे घेऊन "इंटर्नशिप" देणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या वर्गातल्या तिघींनी भरले, मिळालं काय तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि सोनेरी बॉर्डरचं पीडीएफ. जो तुझ्याकडून काम करून घेणार आहे तो तुझ्याकडूनच पैसे कशाला घेईल?

आता तुझा खरा प्रश्न, रूम परवडत नाही. हे मला कळतं, आमच्याकडे पण कापसाचे पैसे आल्यावरच निर्णय झाला होता. आधी सरकारी वसतिगृहाचा फॉर्म भर, तिथे नंबर लागला नाही तर प्रवर्गाप्रमाणे स्वाधार, स्वयंम किंवा ज्ञानज्योती आधार योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, कागदपत्रं आत्ताच गोळा करून ठेव, उत्पन्नाच्या दाखल्याला सगळ्यात जास्त चकरा होतात. तेही नाही जमलं तर आठवड्यातून दोन दिवस कोणाच्या तरी रूमवर मुक्काम कर, भाजी तू आणत जा, पोरं नाही म्हणत नाहीत. उरलेल्या दिवशी साडेचारऐवजी सातची बस घे, किंवा ट्रेननं ये, वरठीला भंडारा रोड स्टेशनवर उतरून पुढे ऑटो.

आणि रूम घेतलीच तर पहिला मजला बघ. नाल्याच्या बाजूची तळमजल्याची रूम स्वस्त मिळते, घरमालक म्हणेल इथे कधीच पाणी येत नाही, माझा पण हेच म्हणाला होता.