गोव्यात डिप्रेशनसाठी ब्रेन स्टिम्युलेशनचं डिव्हाइस बनवायचंय, फंडिंग कुठून मिळेल?

इन्व्हेस्टरकडे लगेच धावू नका, आधी बायरॅकची (बायोटेक स्टार्टअपना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) ‘बिग’ नावाची ग्रँट बघा, प्रोटोटाइपसाठी 50 लाखांपर्यंत मिळतात नि कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही. फातोर्ड्याला डॉन बॉस्को कॉलेजात फायर नावाचं इन्क्युबेटर, म्हणजे नव्या स्टार्टअपना आधार देणारं केंद्र आहे, तिथेही विचारा. पण खरा पैसा सर्किटात नाही हो, ट्रायलमध्ये जातो. टीडीसीएस, म्हणजे डोक्याला बाहेरून हलका करंट द्यायची पद्धत, म्हणजे काय तर स्पंजचे दोन इलेक्ट्रोड नि साधारण 2 मिलिअँपिअर करंट, डबा कोणीही जुळवेल, पण खोट्या स्टिम्युलेशनपेक्षा त्याने जास्त फरक पडतो हे पेशंटवर दाखवायचं तर एथिक्स कमिटी, सीडीएससीओची (औषधं नि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) परवानगी, विमा, सगळं आलंच. म्हणून बांबोळीच्या आयपीएचबीतल्या, म्हणजे तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोला, मगच बजेट टाइप करा. मेंदूत बसवायचा इम्प्लांट मनात असेल तर सध्या विसरा, अमेरिकेत डिप्रेशनवरच्या अशाच इम्प्लांटची ब्रॉडन नावाची ट्रायल मोठी कंपनी पाठीशी असूनही मध्येच थांबली.